मदत हवी आहे: बागेतली पडकी इमारत, पालिकेला काय लिहून द्यावं?

नमस्कार मंडळी, आमचं गाव कृष्णाकाठचं. बागेत छोटी इमारत आहे, एका खोलीत पेपर वाचायची सोय, मागे बायकांचं टॉयलेट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती बुडाली, भिंतीवर लाईटच्या बटणांच्याही वर गाळाची रेघ अजून तशीच आहे. आता स्लॅबचे पोपडे पडून गंजलेल्या सळ्या दिसायला लागल्यात म्हणून पालिकेने कुलूप घातलंय.

आता ऐकतोय की पाडून तिथे दुमजली हॉल बांधायचा ठराव सभेपुढे येणार आहे, म्हणजे भाड्याने देणार, लग्न-बारसं, जनरेटर, गाड्या, आणि बाग राहिली बाजूलाच. आम्हाला फक्त पहिल्याएवढीच इमारत हवीय, पण खांबांवर उचललेली, खालून पाणी गेलं तरी चालेल अशी. रोज सकाळी येणाऱ्या आज्ज्या टॉयलेट नाही म्हणून अर्ध्या तासात घरी परततात हो, हे मला बघवत नाही.

माहिती अधिकारात १० रुपयांचा स्टॅम्प लावून स्ट्रक्चरल ऑडिट आणि एस्टिमेटची कॉपी मागणार आहे, पण उत्तराला ३० दिवस आणि सभा त्याआधीच झाली तर? पुण्यात नागरिक बजेटसाठी कामं सुचवतात तसं छोट्या पालिकेत कुणी करून घेतलंय का? हरकत मुख्याधिकाऱ्यांना द्यायची की नगराध्यक्षांना, सह्या किती लागतात? पूररेषेत बांधकाम केलेले कुणी इंजिनियर असतील तर खांबांचा खर्च साधारण किती वाढतो तेही सांगा प्लीज.