दुसरा कथासंग्रह आलाय, वाचकांपुढे कसा नेऊ?

प्रश्न: एका वाचनालयाने लेखक-भेटीला बोलावलंय. वीसेक माणसं येतील. पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी अख्खी कथा वाचली, ४५ मिनिटं. लोक चुळबुळू लागले, शेवटी दोनच प्रती गेल्या. फार लागलं मनाला. या वेळी काय बदलू?

उत्तर: अख्खी कथा नकोच. ८-१० मिनिटांचा, दोनच पात्रांचा, संवाद असलेला उतारा निवडा. घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचा. डोळ्यांना चालणारं लांब वाक्य मोठ्याने वाचताना दमवतं. मी अशी वाक्यं पेन्सिलीने तोडून घेते. आणि ऐन वळणावर थांबा. पुढे काय झालं, हे विचारायला माणसं आपणहून टेबलापाशी येतात.

उत्तर: प्रती कोण आणणार, ते आधी लेखी ठरवा! माझ्या वेळी प्रकाशकाला वाटलं आयोजक आणतील, आयोजकांना वाटलं मी. सभागृह भरलेलं आणि टेबल रिकामं. तेव्हापासून १५ प्रती माझ्या पिशवीत असतातच. सुटे पैसेही ठेवा. सही करताना नाव कसं लिहायचं ते विचारा. चुकलेलं नाव पुस्तकात कायम राहतं.

उत्तर: २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन. त्या सुमारास वाचनालयं कार्यक्रम शोधत असतात. दोन महिने आधी पत्र द्या.

प्रश्नकर्ती: उतारा ठरला. आई दार उघडते, तिथे थांबणार. मनापासून आभार.