पांढरं रेशनकार्ड असलं तरी चालतंय

वडिलांचं रेशनकार्ड पांढरं आहे, मग आयुष्मान भारत, म्हणजे सरकारची मोफत उपचारांची योजना, मिळणार का, असं एकानं विचारलंय. सत्तरी पूर्ण असेल तर मिळतं. ऑक्टोबर 2024 पासून त्यांना उत्पन्नाची अटच नाही. 'वय वंदना' कार्ड काढायचं, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. पण हे माणशी नव्हेत, घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून. खाजगी विमा असला तरी चालतो; सीजीएचएसवाल्यांना (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) मात्र दोन्हींतलं एकच निवडावं लागतं.

वय आधारवरचंच धरतात. आमच्या शाहूपुरीतल्या आत्तीचा जन्म आधारवर 1957 चा, शाळेच्या दाखल्यावर 1953 चा. केंद्रावरच्या पोरानं दाखला उलगडूनसुद्धा बघितला नाही. आधी आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करून घ्या. आणि नुसती ओपीडी, महिन्याच्या बीपीच्या गोळ्या यात बसत नाहीत बरं का.