व्हीलचेअर आणि उन्हाळा: घामच येत नाही, कूलिंग व्हेस्टचा खरंच उपयोग होतो का?

सावली२२:
नमस्कार मंडळी, माझ्या धाकट्या भावाला ४ वर्षांपूर्वी सी६ ची (मानेच्या मणक्यातली) स्पायनल इंज्युरी, म्हणजे मज्जारज्जूला इजा झाली, तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. उन्हाळा आला की अंग नुसतं तापत राहतं, घामाचा टिपूस नाही आणि चेहरा लालबुंद. काल अर्धा तासच बाहेर होतो, घरी येऊन मोजलं तर १०१! आधी युरिन इन्फेक्शनच वाटलं पण गार खोलीत तासाभरात उतरलं. ऑनलाइन पाण्यात भिजवायचं व्हेस्ट, जेलपॅकवालं, गळ्यात घालायचा फॅन असं काय काय दिसतंय, डोकं चालेना. कुणी वापरलंय का?

चाकंवाला:
ताई मी सी७, १२ वर्षं झाली. घामाच्या आणि कातडीच्या रक्तवाहिन्यांच्या ऑटोनॉमिक (आपोआप काम करणाऱ्या) नसा टी१ ते एल२, म्हणजे छाती ते कमरेच्या मणक्यांमधून निघतात, म्हणजे सगळ्या आपल्या इंज्युरीच्या खाली, त्यामुळे मेंदूला कळतं अंग तापलंय पण निरोप खाली पोचतच नाही. मग घाम बाहेरून द्यायचा! स्प्रे बाटलीने चेहरा, मान, हात ओले करायचे आणि समोर फॅन. नुसता फॅन मात्र नको, हवा ३५ च्या वर गेली की कोरड्या अंगावर तो गरम झळच मारतो. भिजवायचं व्हेस्ट पण याच तत्त्वावर चालतं, कोरड्या हवेत मस्त, दमट हवेत पाणी उडतच नाही आणि अंगावर नुसतं ओलं ओझं राहतं.

रानवारा:
दमट हवा असेल तर पीसीएमवालं (फेज चेंज मटेरियल) व्हेस्ट बघा. त्यातले पॅक ठरलेल्या तापमानाला वितळतात, काही १५ च्या आसपास, काही २१ ला, आणि वितळताना अंगातली उष्णता ओढून घेतात. दीड-दोन तासांनी परत गार करायला लागतात, बाहेर जाताना जास्तीचा सेट हवाच. फ्रीझरमधला बर्फ डायरेक्ट कातडीवर कधीच लावू नका!! संवेदना नसलेल्या जागी बर्फाने भाजलं तरी त्याला कळणार नाही. माझ्या नवऱ्याच्या पाठीत व्हेस्टची शिवण रुतून लाल वळ उठला होता, रात्री कपडे बदलताना दिसला तेव्हा समजलं, त्यामुळे आता पाठीचे पॅक काढून फक्त पुढचे ठेवतो. आणि गार लावल्यावर अचानक डोकं ठणकलं, बीपी चढलं तर लगेच काढा, सरळ बसवा, डिसरिफ्लेक्सिया (इंज्युरीच्या खाली काही खुपलं-टोचलं की बीपी एकदम चढणं) असू शकतो. गळ्यातल्या फॅनने बरं वाटतं, खोटं नाही, पण आतलं तापमान त्याने उतरत नाही, त्यामुळे बरं वाटलं म्हणून उन्हात जास्त वेळ थांबायचं नाही.

मीनल_ओटी:
ब्लॅडरसाठी ऑक्सिब्युटिनिन हे औषध चालू आहे का? त्याने जो काही घाम येत असेल तोही कमी होतो, स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. फोमच्या कुशनखाली उष्णता कोंडते, ओल साचते आणि प्रेशर सोअरची (सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची) भीती वाढते, तेव्हा रोज आरशाने कातडी बघत जा. आणि गार खोलीत तासाभरात ताप उतरला नाही तर इन्फेक्शनची टेस्ट कराच.

सावली२२:
ऑक्सिब्युटिनिन चालू आहे! उद्याच फोन करते. एक अडचण आहे, त्याची बोटं चालत नाहीत, स्प्रेचा ट्रिगर दाबता येत नाही, दरवेळी मला हाक मारावी लागते याचं त्याला फार वाईट वाटतं.

चाकंवाला:
झाडांना फवारायचा पंपवाला स्प्रे घ्या. हवा तुम्ही भरून द्यायची, वरचं बटण तळव्याच्या टाचेने दाबलं की झालं. माझा चेअरच्या बाजूला वेल्क्रोने बांधलेला असतो, दिवसभर हाक मारावी लागत नाही.