वसुलीवाल्यांशी बोलून कुणाचं सिबिल (कर्जफेडीची नोंद) सुधारलं का? अनुभव लिहा

सुरुवात मी करतो. बेळगावच्या वडगावात आमचे चार पॉवरलूम, 2020 च्या लॉकडाऊनला साड्या घरातच पडून राहिल्या आणि क्रेडिट कार्ड थकलं, व्याज धरून 92 हजार. दोन वर्षांनी वसुलीवाल्याचा फोन, 38 हजार भरा, विषय मिटला. बायकोच्या पाटल्या ठेवून भरले की. आता घराच्या कर्जाला गेलो तर साहेबांनी स्क्रीनच माझ्याकडं फिरवली, कार्डापुढं 'सेटल्ड'. पूर्ण पैसे आले नाहीत, बँकेनं सोडून दिले असा त्याचा अर्थ. क्लोज्ड (पूर्ण फेडून बंद) वेगळं आणि सेटल्ड वेगळं हे भरायच्या आधी मला कुणीच सांगितलं नाही. आपल्या भागात असे बरेचजण असणार, काय बोललात, काय लिहून घेतलंत ते सांगा.

निपाणीहून
मी बिड्या वळते, गटाचं कर्ज होतं, नवरा आजारी पडला आणि सहा हप्ते चुकले. रात्री साडेआठला एकजण उंबऱ्यात उभा, शेजारपाजार बघतोय, लाजेनं मेल्यासारखं झालं. भाचीनं रिझर्व्ह बँकेचा नियम काढून दाखवला, मायक्रोफायनान्सची, म्हणजे आमच्यासारख्या छोट्या कर्जाची वसुली सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर करता येत नाही, बाकीच्या कर्जाला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर नाही. दुसऱ्या खेपेला आला तेव्हा ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र मागितलं, नव्हतं त्याच्याकडं. मग मीच शाखेत गेले, दंड सोडा, मुद्दल मी पाच हप्त्यात देते म्हटलं, ऐकलं त्यांनी. त्याच्या हातात रोख एक रुपया दिला नाही, सगळं काउंटरला, पावत्या पिठाच्या डब्यामागं जपून ठेवल्यात.

खानापूर
माझं उलटं झालं. गाडीचं कर्ज पूर्ण फेडलं, एनओसी (कर्ज फिटल्याचं पत्र) हातात, तरी सिबिलच्या रिपोर्टात थकबाकी. शाखा म्हणते सिबिलला विचारा, सिबिल म्हणतं बँकेनं कळवायला पाहिजे. आणि ते खरंच तसं असतं, सिबिल स्वतःहून काही बदलत नाही. ऑनलाइन तक्रार टाकली, पैसे लागत नाहीत, 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं दिवसाला 100 रुपये भरपाई आहे, एप्रिल 2024 पासून. माझं तीन आठवड्यात झालं. पण एक्स्पेरियनमध्ये तीच चूक तशीच होती, म्हणून सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांचे रिपोर्ट बघा, वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट प्रत्येकाकडून फुकट मिळतो.

शहापूर
वडगावकर, माझंही सेटल्डच होतं, दुरुस्त झालं. एजंटला सोडा, थेट बँकेला लिहा की उरलेली रक्कम भरायला तयार आहे, किती भरायची आणि भरल्यावर क्लोज्ड कळवणार का ते लेखी द्या. एजंट रोज फोनवर "रोक्क यावाग कट्टतीरी?", पैसे कधी भरताय, मी एकच धरलं, "मोदल पत्र कळसरी", आधी पत्र पाठवा. अकरा दिवसांनी बँकेच्या मेलवरून आलं, खाते क्रमांक आणि रक्कम नीट तपासली, मगच भरलं आणि नो ड्यूज (काही बाकी नाही असं पत्र) घेतलं. जुने उशीर लगेच पुसत नाहीत, 36 महिन्यांचे दिसत राहतात, पण सेटल्ड गेलं आणि वर्षानं दुकानाचं कर्ज मंजूर झालं.

वडगाव (मी परत)
शहापूरकर, लई आभार. माझे 54 हजार उरतात, त्यातलं व्याज किती सोडतात ते विचारायला अर्ज लिहिलाय. उद्या शाखेत देतो आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठत नाही.