नेदरलँड्सहून घोडा आणायचा आहे. आधी खरेदी की आधी परवाना?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आमची छोटी पागा आहे, मुलांना घोडेस्वारी शिकवतो. घोडे सगळे देशी, बहुतेक अकलूजच्या बाजारातून घेतलेले. आता थोडी मोठी मुलं उडीच्या स्पर्धांचं म्हणतायत. त्यांना शिकवायला वयानं पोक्त, शांत, अडथळ्यांची सवय असलेला घोडा हवा.

माझे दीर नेदरलँड्सला असतात. त्यांच्या क्लबातला एक खच्ची घोडा मालक विकतोय. वय झाल्यानं मोठ्या स्पर्धांतून काढलाय, पण शिकवायला सोनं आहे म्हणतात. किंमत आमच्या आवाक्यात बसते. मात्र ज्या एजंटशी बोललो तो म्हणतो, "घोडा विमानात बसवा, परवान्याचं इकडे आल्यावर बघू." माझं मन काही घेत नाही.

परवाना नक्की कोण देतं? बेळगावात काही काम होतं का? आम्हाला गोव्यातला मोपा आंतरराष्ट्रीय विमानतळ जवळ पडतो, तिथं उतरवता येईल का? आणि एजंट पारखायचा कसा?

निपाणीकर

ताई, तुमचं मन बरोबर सांगतंय. मी मुंबईत क्लिअरिंगच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जिवंत घोडा आपल्या आयात धोरणात 'रिस्ट्रिक्टेड' यादीत आहे. म्हणजे बंदी नाही, पण मोकळाही नाही. आधी डीजीएफटीचं, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाचं, आयात अधिकारपत्र लागतं. अर्ज त्यांच्या संकेतस्थळावरच भरायचा. तो दिल्लीला वाणिज्य भवनात एक्झिम फॅसिलिटेशन कमिटीपुढे जातो आणि निर्णयाआधी पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाचं मत घेतलं जातं. त्या कमिटीच्या बैठकांची इतिवृत्तं संकेतस्थळावर असतात. अर्ज भरण्याआधी ती एकदा वाचाच. कोणाला काय विचारलं, कोणाचा अर्ज कशासाठी अडकला, हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठला एजंट सांगणार नाही.

एअरवे बिलावरची, म्हणजे विमान कंपनीच्या माल-पावतीवरची, तारीख परवान्याच्या आधीची असेल तर माल विनापरवाना आला असंच धरतात. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १११ खाली तो जप्तीला पात्र. शिवाय विदेश व्यापार कायदा १९९२ खाली दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. यंत्राचा सुटा भाग असता तर गोदामात महिनाभर पडून राहिला असता. हा जीव आहे, याला रोज दाणा-पाणी लागतं. "आल्यावर बघू" म्हणणाऱ्या माणसाला ही साधी गोष्ट कळत नसेल तर त्याच्या हाती घोडा देऊ नका.

बेळगावात या कामाचं काही नाही. पत्ता कर्नाटकातला, त्यामुळे डीजीएफटीचं प्रादेशिक कार्यालय म्हणून तुम्हाला बंगळूर लागेल. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा कोड क्रमांक, नसेल तर आधी तो काढा. पॅनवरच मिळतो, शुल्क ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते. बदल काही नसला तरी तसं कळवावं लागतं, नाहीतर तो निष्क्रिय होतो आणि नेमका अर्जाच्या वेळी लक्षात येतं.

आणखी एक. अर्जात 'पैदाशीसाठी' असं चुकूनही लिहू नका. पैदाशीच्या शुद्ध वंशाच्या घोड्यांचा सीमाशुल्काच्या यादीतला कोड वेगळा, पोलोच्या घोड्यांचा वेगळा, इतरांचा वेगळा. तुमचा घोडा खच्ची आहे, तो 'इतर'मध्ये जाईल, कोड ०१०१ २९ ९०. खच्ची घोड्यापुढे पैदास लिहिलेलं पाहून तपासणारा बाकीचे कागदही संशयानंच वाचेल.

चिक्कोडीचा डॉक्टर

निपाणीकरांनी व्यापाराची बाजू सांगितली. मी गुरांच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालोय, म्हणून आरोग्याची सांगतो. ताई, ही बाजू परवान्याइतकीच कडक आहे आणि असायलाच हवी.

१८९८ चा पशुधन आयात कायदा आजही चालू आहे. जिवंत जनावर फक्त तिथेच उतरवायचं जिथे केंद्राचं प्राणी संगरोध (क्वारंटाइन) केंद्र आहे: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळूर. गोवा यात नाही, म्हणून मोपा विसरा. तुम्हाला मुंबई किंवा बंगळूर. येण्याआधी केंद्राला कळवून जागा निश्चित करावी लागते. घोडा तिथे वेगळा ठेवतात, रक्त घेतात, निकाल आल्यावर सोडतात. तिथला खर्च आयात करणाऱ्याचा.

निघण्याआधी तिथल्या सरकारी पशुवैद्याचा दाखला लागतो, आणि तो भारतानं ठरवलेल्या नमुन्यातच. खाजगी डॉक्टरचं साधं पत्र चालत नाही. आफ्रिकन हॉर्स सिकनेस, ग्लँडर्स, संसर्गजन्य रक्तक्षय, इन्फ्लुएन्झा असे रोग त्यात येतात. वळू घोडा असता तर जननेंद्रियांतून पसरणाऱ्या रोगांच्या तपासण्या वाढल्या असत्या, तुमचा खच्ची असल्यानं तो भार कमी.

कोणाला वाटेल एका घोड्यासाठी एवढं कशाला. आफ्रिकन हॉर्स सिकनेस बारीक चिलटांमधून पसरतो आणि लागण झालेले बहुतेक घोडे दगावतात. भारताला या रोगापासून मुक्त असा जागतिक दर्जा २०१४ पासून आहे. ग्लँडर्स तर माणसालाही होतो. पॉझिटिव्ह घोड्याला दयामरण देऊन खोल पुरतात, आणि भोवतालच्या टापूत घोड्यांची ने-आण, बाजार, शर्यती थांबतात. आपल्या भागात घोडागाडीच्या शर्यती आहेत, धनगरांची तट्टं आहेत, माऊलींचे अश्व अंकलीहून आळंदीला चालत जातात. एका निष्काळजी आयातीनं या सगळ्यांवर गदा येऊ शकते. म्हणून क्वारंटाइनमध्ये "जरा लवकर सोडा" म्हणून कोणाकडे शब्द टाकू नका.

टिळकवाडी

वेगळा सल्ला देतो, राग मानू नका. परदेशातूनच का? बंगळूर, म्हैसूर, पुणे-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त होणारे थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे घोडे) दरवर्षी रायडिंग शाळांकडे जातात. किमतीनं परवडतात, इथल्या हवेत वाढलेले असतात. सगळेच मुलांच्या कामाचे नसतात हे खरं, शर्यतीचा घोडा नव्यानं शिकवायला वेळ लागतो. पण तुमच्याकडे शिकवणारी माणसं आहेत ना?

दुसरी वाट म्हणजे आधीच रीतसर आयात होऊन आलेला उडीचा घोडा एखाद्या क्लबाकडून घेणं. मात्र त्याचा मूळ परवाना आणि त्यावरच्या अटी डोळ्यांखालून घाला. परवान्यावरची आयात 'प्रत्यक्ष वापरकर्त्या'ला दिलेली असते, म्हणून विकणाऱ्याला पुढे विकता येतो का हे लेखी विचारा. मायक्रोचिपचा क्रमांक आणि घोड्याचा पासपोर्ट जुळवून पाहा.

मलप्रभाकाठ

राग कसला, उलट बरं झालं. रेसकोर्सचा घोडा आम्ही आधी ठेवला होता, चांगला निघाला. पण नवशिक्या मुलाला अडथळ्यावर नेणारा घोडा स्वतः तयार लागतो, तिथे आमची अडचण आहे. दोन्ही वाटा चालू ठेवते.

निपाणीकर दादा, दीर म्हणतात ते तिथेच पैसे भरून घोडा भेट म्हणून पाठवतील. तसं केलं तर परवाना टळतो का? आणि आमचा जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आहे, पागेचं नाव एक, पॅन माझ्या नावावर. चालेल का?

निपाणीकर

भेट असली तरी परवाना टळत नाही आणि शुल्कही टळत नाही. फुकट आलेल्या घोड्याची किंमतसुद्धा कस्टम्स ठरवतंच. उलट दिरांनी खरी किंमत लिहिलेलं बिल द्यावं, कमी किमतीचं बिल हा दुसरा गुन्हा.

खर्चाचा अंदाज घेताना एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. शुल्क काढताना घोड्याच्या किमतीत विमानभाडं आणि विमा मिळवतात. पण विमानानं येणाऱ्या मालाचं भाडं किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरता येत नाही, असा २००७ च्या मूल्यांकन नियमांतच उल्लेख आहे. घोडा १० लाखांचा आणि भाडं ८ लाख झालं, तरी हिशेबात भाडं २ लाखच. घोड्याच्या बाबतीत याचा फरक मोठा पडतो. त्यावर सीमाशुल्क, समाजकल्याण अधिभार, आयजीएसटी. दर बदलत राहतात, म्हणून एजंटकडून त्या दिवशीचा हिशेब लेखी घ्या.

नावाचं आधी निस्तरा. पागा तुमच्या एकटीच्या मालकीची असेल तर आयईसी त्याच पॅनवर, पागेचं नाव फर्मचं नाव म्हणून घाला. अर्ज, बिल, सरकारी पशुवैद्याचा दाखला, एअरवे बिल या सगळ्यांवर नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा हवा. आपल्याकडे जुन्या कागदावर बेळगाव, २०१४ नंतरच्या कागदावर बेळगावी असतं, तेवढ्यावरूनही शंका निघते. उताऱ्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा. पागेचे फोटो, तबेल्याचा नकाशा, जवळच्या पशुवैद्याचं पत्र, किती मुलं शिकतात याची माहिती द्या. घोडा कशासाठी आणि कुठे राहणार हे वाचणाऱ्याला स्पष्ट दिसलं पाहिजे.

एजंटचं म्हणाल तर नाव सुचवत नाही, पण पारख सांगतो. कस्टम्स ब्रोकरचा परवाना क्रमांक मागा. जिवंत जनावराचं काम केलंय का ते विचारा, केलं असेल तर कोणत्या क्वारंटाइन केंद्रात हे तो पटकन सांगेल. डीजीएफटीचा अर्ज तुमच्या लॉगिनवरून, तुमच्या सहीनंच भरा. "सगळं माझ्यावर सोडा" म्हणणारा नको.

अंकलीकर

आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या घोडी हायत, म्हणून सांगतो. परवाना कधी पण मिळू दे, घोडा पावसात आणू नका ओ. खानापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. थंड देशातला घोडा, पायाखाली सतत ओल, वर चिलटं आणि गोमाश्या. खूर सडतंय, सर्रा म्हणजे रक्तातला रोग होतोय. दिवाळी झाल्यावर आणला तर त्याला हवा अंगी लागायला चार महिने मिळतात. तबेल्याला बारीक जाळी लावून घ्या की आत्ताच.

चिक्कोडीचा डॉक्टर

अंकलीकरांशी शंभर टक्के सहमत. सर्रा गोमाश्यांमुळे पसरतो, बाहेरच्या घोड्याला त्याची ओळखच नसते. नवा घोडा पागेत आल्यावरही काही आठवडे बाकीच्यांपासून लांब बांधा, त्याचा खरारा आणि बादली वेगळी ठेवा.

रस्त्यानं आणताना मुंबईहून आलात तर कोगनोळीला राज्याची हद्द लागते. प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला आणि क्वारंटाइन केंद्रातून सुटल्याचं पत्र ड्रायव्हरकडे मूळ प्रतीत असू द्या. रात्रीचा प्रवास ठेवा, वाटेत थांबून पाणी पाजा, घोड्याची निगा राखणारा मोतद्दार गाडीतच बसवा.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दिरांना कळवलंय की मालकाशी करारात एक अट घालायची: भारताचा परवाना हाती आल्यावरच विक्री पूर्ण, तोवर फक्त बयाणा आणि परवाना नाकारला तर तो परत. आयईसीचा अर्ज या आठवड्यात भरते. त्या एजंटला नाही म्हणून सांगितलं.

टिळकवाडी, पुण्या-बंगळुरात उडीला तयार, स्वभावानं शांत असा घोडा विकायचा कोणाच्या कानावर आला तर इथेच लिहा. वय १० ते १६ चालेल, उंची फार नको, पाठीवर बारा-तेरा वर्षांची मुलं बसणार आहेत.