पूर, वादळ, दरड आणि आपले शिक्षक : अनुभव लिहा

निसर्ग आणि तौक्ते ही वादळं, चिपळूण-महाडचा पूर. टीव्हीवर एनडीआरएफच्या बोटी दिसतात. गावात मात्र पहिला फोन गुरुजींना जातो, शाळेच्या किल्लीसाठी. पुढे काय होतं ते लिहा. शाळेचं नाव नको.

शिक्षिका, चिपळूण
जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी ओसरलं तरी वर्गाचं दार उघडेना, आतून चिखलात बाकं अडकलेली. आत शिरल्यावर आधी शोधलं जनरल रजिस्टर. मुलाची जन्मतारीख, जात, सगळं त्यातच. घरचे कागद वाहून गेल्यावर पुरावा तेवढाच उरतो. पानं चिकटलेली. ओढली की शाई वरच्या पानावर येते. म्हणून रजिस्टर उभं ठेवायचं, पानं सुटू लागली की मध्ये कोरा कागद. वर्तमानपत्र अजिबात नको, छपाई उमटते. करोनामुळे वर्ग बंदच होते, तरी शेजारची पोरं कागद बदलायला यायची. बोलायचीही तेव्हाच. एरवी गप्प.

जि. प. शिक्षक, श्रीवर्धन
३ जून २०२० ला निसर्ग आलं आणि थोड्याच दिवसांत निरोप, ऑनलाइन शिकवा! खांब आडवे, टॉवर बंद, फोन चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे रांग. मग तोंडाला मास्क लावून पडवी ते पडवी. चौथीतली एक मुलगी पंचनाम्यासाठी आजोबांच्या मोडलेल्या पोफळी मोजत होती. ओळी किती, ओळीत झाडं किती, उभी किती राहिली? गुणाकार-वजाबाकी वाडीतच झाली. तलाठी आले तेव्हा आकडा तिनंच सांगितला.

माजी विद्यार्थी, महाड
२००५ च्या दरडींनंतर शाळा भरली, तेव्हा बाईंनी पुस्तक उघडायला लावलंच नाही. आठवडाभर नुसती गाणी, लगोरी. घरचे वैतागले होते. मला मात्र त्याच आठवड्यात झोप लागू लागली.

निवृत्त मुख्याध्यापक, रत्नागिरी
कौतुक पुरे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारणाची कामं शिक्षकांना देता येतात. मान्य. पण वर्गात निवारा आणि गुरुजी धान्यवाटपाच्या यादीवर, तर मुलांना कोण बघणार? निवारा उघडला की एक शिक्षक फक्त मुलांसाठी मोकळा ठेवा.

जि. प. शिक्षक, श्रीवर्धन
सर, दोनशिक्षकी शाळेत तो एक आणायचा कुठून? आमच्या गावात डी.एड. झालेल्या दोन सुना होत्या, त्यांनी देवळाच्या सभामंडपात लहानांना सांभाळलं. मानधन कोणी दिलं नाही, मागायची सोयही नव्हती. अशा माणसांची यादी मे महिन्यातच ग्रामपंचायतीत लावून ठेवावी, आणि मानधनाचंही तेव्हाच ठरवावं.