घोरपड खुराड्यात शिरतेय, उपाय सांगा (लवकर!)

अंडेवाला: खुडूक कोंबडीखालची अंडी परत गेली. कवचाचा तुकडासुद्धा नाही. सकाळी नऊला घोरपड खुराड्यातून निघून गडग्यात घुसताना पाहिली. आई काठी घेऊन तयार आहे. काय करू?

सह्यभटक्या: गाव कुठलं? केवढी आहे? खुराडा कसला? काहीच लिहिलं नाहीस.

अंडेवाला: संगमेश्वर तालुका. शेपटीसकट चार फूट सहज. खुराडा फळ्यांचा, खाली माती. आता उपाय सांगा.

कायदेपंडित: काठी अजिबात नको! वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, अनुसूची १, म्हणजे वाघाच्या पंगतीत. १९२६ वर वनखात्याला फोन कर.

बापू_७७: आमच्याकडे तेल काढायचे, गुडघ्यांना एक नंबर.

रानवाट: बापू, थोतांड आहे हे. बाजारात 'हत्थाजोडी' म्हणून मुळी विकतात ना, ती घोरपडीच्या नराचं सुकवलेलं जननेंद्रिय असते. असल्याच समजुतींपायी मारतात तिला.

अंडेवाला: चावली तर विष असतं का?

सह्यभटक्या: बिनविषारी.

कायदेपंडित: चूक. २००५ मध्ये ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी घोरपडींच्या कुळात विषग्रंथी असल्याचं दाखवलं.

सह्यभटक्या: ग्रंथी असतील हो, माणूस दगावतो का? शेपटीचा फटका मात्र जोरात बसतो.

मावळा: यशवंतीला विसरलात? सिंहगड, १६७०!

रानवाट: सभासद बखरीत मावळे वानरासारखे कडा चढले असं आहे, घोरपड नाही. आणि इथे अंड्यांचं चाललंय. अंडेवाला, अंडी जातात कधी, दिवसा की रात्री?

अंडेवाला: रात्री झोपताना असतात, पहाटे पाचला नसतात. त्याने काय फरक पडतो?

रानवाट: सगळाच! घोरपड दिवसाची. उन्हात अंग तापल्याशिवाय शिकारीला निघत नाही. अंडी ती खाते, पण रात्रीची चोरी तिची नाही. अख्खी अंडी गिळणारा नागही असू शकतो. अंधारात खुराड्यात हात घालू नकोस, आधी बॅटरी मार. खाली कोबा कर, भोवती अर्ध्या इंचाची जाळी फूटभर जमिनीत गाड.

अंडेवाला: मग ही सकाळी आत काय करत होती?

रानवाट: किडे, उंदराची पिल्लं, मिळेल ते खाते. उरलेलं अंडंही सोडणार नाही म्हणा.

बापू_७७: गावठी कशाला पाळतोस? कडकनाथ घे, अंड्याला भाव चांगला.